खिरीची वाटी आणि उघडे पाय

रविवारी सकाळची मुदखेडहून नांदेडला जाणारी पॅसेंजर अर्धी रिकामी असते. बसायला पाहिजे तेवढी जागा असते. तरी एक मुलगी दोन बाकांच्या मधल्या वाटेत उभी राहते. एक हात बाकाच्या पाठीवर, मान सरळ, टाचा उचललेल्या. गाडी हलते, डबा हलतो, वरच्या फळीवरचं गाठोडं हलतं. मुलगी हलत नाही. मुगट स्टेशन येईपर्यंत टाचा टेकवायच्या नाहीत, असा तिनं स्वतःशीच नेम धरलेला आहे.

एकदा समोरच्या म्हातारीला राहवलं नाही. "बस की गं पोरी. तिकीट काढलंस ना?"

"काढलंय की आज्जी. पण बसूनच जायचं असं कुठं लिहिलंय त्याच्यावर?"

म्हातारी हसली आणि तिनं आपले पाय आखडून घेतले, मुलीला जागा व्हावी म्हणून.

ही लुंबिनी. लुंबिनी आनंदराज सोनकांबळे, वय अकरा, इयत्ता सहावी. राहणार मुदखेड, रेल्वेच्या क्वार्टरांमागची बौद्ध वस्ती. अंगानं काडी, पण पोटऱ्या दगडासारख्या. वस्तीतली पोरं तिला बगळी म्हणतात, कारण ती पाणी भरायला जाताना चवड्यांवर चालते, दुकानाच्या रांगेत एका पायावर उभी राहते आणि जेवायला वाढेपर्यंत भिंतीला धरून पाय मागं उचलत राहते.

दोन वर्षांपूर्वी ती नांदेडला जायला लागली ती स्कॉलरशिपच्या क्लासला. गाडी लवकर पोचायची, क्लास उशिरा उघडायचा. मधला तास ती जिन्यात बसून काढायची. वरच्या मजल्यावर एक हॉल होता. आठ वाजता तिथं डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांची बॅच भरायची, त्याच्या आधी दीड तास तो हॉल उज्वला मॅडमना मिळायचा. मॅडम मूळच्या लातूरकडच्या, मुरुडच्या. पुण्यात बारा वर्षं बॅले शिकल्या आणि लग्न होऊन नांदेडला आल्या. फळ्यावर आदल्या दिवशीची हृदयाची आकृती तशीच असायची, आणि तिच्यापुढं सहा-सात मुली खिडकीच्या गजाला धरून एकेक पाय उचलायच्या. सगळा भार बोटांवर घ्यायचा आणि चेहऱ्यावर मात्र भार दिसू द्यायचा नाही, असा तो नाच. लुंबिनीला वाटलं, हे आपल्याला माहीत आहे. मम्मी दोन घागरी घेऊन येते तेव्हा तिचा चेहरा असाच असतो.

तीन महिने ती पायरीवरून बघत होती. तिची बोटं चपलेच्या आत हलत होती. एक दिवस मॅडम दारात आल्या.

"ए पायरीवाली, किती दिवस चपला झिजवणार आतल्या आत? ये वर."

स्कॉलरशिप काही मिळाली नाही. नाच मिळाला.

घरी हे सगळ्यांना ठाऊक होतं. पप्पा, म्हणजे आनंदराज, रेल्वेत कीमन. रोज पहाटे खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा टाकून ते रुळांच्या कडेनं पाच-सहा किलोमीटर चालतात. रूळ ज्या लोखंडी चाव्यांनी पकडून ठेवलेले असतात, त्या एकेक चावीवर ठोका मारत जायचं. घट्ट असली तर एक आवाज येतो, ढिली असली तर दुसरा. तो दुसरा आवाज पप्पांना झोपेतसुद्धा ओळखू येतो. लुंबिनीनं पहिल्यांदा टाचा उचलून दाखवल्या तेव्हा त्यांनी तिच्या पोटरीवर बोटानं टिचकी मारली आणि म्हणाले, "घट्ट हाय."

मम्मी, बुद्धप्रिया, शिवणकाम करते. मॅडमच्या क्लासातल्या एका मुलीचे फाटके नाचाचे जोडे तिनं मागून आणले, टाके उसवून चार तुकडे सपाट केले आणि त्यावरून नवीन बेतले. वर एका जुन्या घागऱ्याचं पांढरं सॅटिनचं अस्तर. तळाला पप्पांच्या ड्यूटीच्या बुटांची चामड्याची जीभ. फ्रॉक मच्छरदाणीचा. सहा थर, कमरेभोवती उभे राहणारे. पांढराशुभ्र.

राहिले आबा.

आबा म्हणजे व्यंकटराव, आनंदराजांचे वडील, विहार समितीचे अध्यक्ष. पंच्याहत्तरीला आलेले, ताठ, पांढऱ्या शर्टाच्या खिशाला पेन. लुंबिनी अंगणात सराव करायला लागली की आबा पेपर उघडायचे, आणि ती थांबली की पेपर मिटायचे. नाचाला ते 'कवायत' म्हणायचे. वाईट कधी म्हणाले नाहीत. चांगलंही म्हणाले नाहीत. त्यांनी कौतुकानं बघितलेली वस्तीत एकच गोष्ट होती, कॅरम. विहाराच्या बाजूच्या खोलीत संध्याकाळी बोर्ड मांडला की आबांच्या बोटांपुढं पंचविशीतली पोरं हात टेकायची.

त्यामुळं बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाची यादी करताना आनंदराजांनी दबकत लुंबिनीचं नाव सांगितलं, तेव्हा सगळे आबांकडं बघायला लागले. दरवर्षी लहान मुलं सुजातेच्या खिरीचं नाटुकलं करायची. उपाशी सिद्धार्थाला सुजाता खिरीची वाटी नेऊन देते, एवढंच. यंदा ते नाटुकलं लुंबिनी एकटी नाचणार होती.

आबांनी पेन काढलं. "तीन मिन्टं. भाषणाच्या आधी," म्हणाले आणि लिहून टाकलं.

त्या दिवसापासून लुंबिनीला एकच गोष्ट हवी होती. त्या तीन मिनिटांत आबांच्या हातात पेपर नसावा.

*

पौर्णिमेचा दिवस उजाडला तोच तापलेला. सकाळी सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत विहारापुढं जमली. पंचरंगी झेंडा चढला. वंदना झाली, सगळ्यांनी मिळून पंचशील म्हटलं. लुंबिनीला ते बोलता येऊ लागल्यापासून पाठ होतं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते म्हणताना ती दरवेळी डोळे मिटून घेते, कारण आदल्या आठवड्यात काहीतरी बारीकसं निघतंच.

दुपारी मंडपवाल्यानं स्टेज उभं केलं. लोखंडी पायांवर लाकडी फळ्या. त्यावर मागच्या बाजूला उंच आसन, आसनावर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर. एकदा मूर्ती वर ठेवली की ते स्टेज राहत नाही, विहारच होतो. मग त्यावर पायताण चढत नाही. आबांचा हा नियम दगडावरची रेघ. दोन वर्षांमागं एका पाहुण्या साहेबांनाही त्यांनी पायरीवर बूट काढायला लावले होते, आणि साहेबांच्या मोज्यातून बाहेर आलेला अंगठा भाषण संपेपर्यंत अख्ख्या वस्तीनं बघितला होता.

त्या नियमाला मागची एक गोष्ट होती. आबांच्या वडिलांना गावात पाटलाच्या दारावरून जाताना चपला काढून हातात घ्याव्या लागत. आबांनी लहानपणी ते डोळ्यांनी बघितलं होतं. एकदा लुंबिनीनं विचारलं होतं, "मग आबा, इथं तुम्हीच का काढायला लावता?" आबा म्हणाले, "तिथं काढायला लावायचे. इथं आपण आपल्या मनानं काढतो. यातला फरक ज्याला कळला, त्याचंच हे विहार."

हे सगळं लुंबिनीला माहीत होतं. तरीही चूक झालीच. कारण त्या पांढऱ्या मऊ वस्तूंना घरात कुणीच कधी चप्पल म्हटलं नव्हतं. मम्मी त्यांना 'नाचाचे' म्हणायची. फ्रॉकसारखेच तेही कपाटात, कपड्यांच्या घडीवर राहायचे. ते पायताण आहे, असं तिच्या मनातच आलं नाही. मम्मीच्याही नाही. पप्पांच्याही नाही.

दिवस मावळायला आला, उन्हाची धग थोडी उतरली. रुळांच्या पलीकडं पौर्णिमेचा चंद्र वर येत होता, अजून फिका, पाण्यात बुडवून काढल्यासारखा. मंडप भरला. नांदेडहून उज्वला मॅडम आल्या होत्या. त्यांना पहिल्या रांगेत नागुबाईच्या शेजारी बसवलं. नागुबाई वस्तीतली सगळ्यात वयस्क, ऐकायला कमी, बोलायला जास्त. खिरीचं पातेलं तिच्याच ताब्यात होतं.

लुंबिनीचं नाव पुकारलं. ती पायरीवर चढली आणि समोर आबा उभे राहिले.

"थांब."

सगळ्यांच्या माना वळल्या. आबा तिच्या पायांकडं बघत होते.

"हे काय घातलंस?"

"नाचाचे हायेत, आबा."

"पायात हायेत म्हणजे पायताणच की."

मंडपात कुजबुज झाली. आनंदराज गर्दीतून पुढं आले. आबा खाली वाकले. सॅटिनवर बोट फिरवलं. मग हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "नवे हायेत का? जमिनीला लागले न्हाईत ना अजून?"

लुंबिनीनं वर बघितलं. आबांचे डोळे तिच्यावर होते, आणि त्या डोळ्यांत काहीतरी वेगळं होतं. ते तिला अडवत नव्हते. एक दार किलकिलं करून धरत होते. कोरा जोडा म्हणजे अजून नुसतं कापड. एक 'हाव' म्हटलं की झालं. सकाळीच मम्मीनं ओल्या फडक्यानं ते पुसले होते. कुणाला काय कळणार होतं?

'हाव' जिभेवर आलं होतं. एवढासा शब्द.

"न्हाई, आबा," ती म्हणाली. "नवे न्हाईत. अंगणात घातले, गच्चीवर घातले. नांदेडच्या क्लासात तर दर रविवारी. एकदा फलाटावर. आणि एकदा," तिचा आवाज एकदम बारीक झाला, "गाडीतल्या संडासात पण गेले, काढायचे विसरून."

मागच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. मग एकदम सगळा मंडप हसला. लुंबिनीचे कान तापले. तिनं खाली बसून नाड्या सोडल्या, जोडे काढले, आणि विहाराच्या लेकराला जी सवय असते तिच्याप्रमाणं पायरीखालच्या चपलांच्या ओळीत ते नीट लावून ठेवले. दोन पांढरे जोडे, दीडशे मळक्या चपलांमध्ये.

उज्वला मॅडम उठून आल्या. त्यांनी फळ्यांवर हात फिरवला आणि हात झटकला. "लुंबिनी, उघड्या पायानं कर, हरकत नाही. पण गिरक्या गाळ. लाकडाला कातडी धरते, पाय अडकून राहतो आणि गुडघा फिरतो. मी घेऊ देणार नाही. नुसतं चालत जा, वाटी ठेव, वंदन कर."

"आणि तीन गिरक्या?"

"पुढच्या वर्षी."

लुंबिनी पायरीवर बसली. त्या तीन गिरक्यांसाठी तर सगळा नाच होता. झाडाखालचा माणूस हाडांचा सापळा झालेला आहे, पण जिवंत आहे, हे सुजातेला कळतं तेव्हा तिला जे वाटतं ते गिरकीत होतं. चालत जाऊन वाटी ठेवायला तर कुणालाही येतं. ते बघायला आबा पेपर कशाला मिटतील?

तिनं मान वर केली, तर आबा तिथं नव्हतेच. पायरी उतरून पाठ फिरवून निघून गेले होते.

नागुबाईनं शेजारणीला विचारलं, "काय झालं गं? का थांबलं?"

"जोड्याशिवाय नाचता येईना म्हणं!"

"अगं बया! आम्ही जल्मभर उघड्या पायानंच नाचलो की. तेबी गोखरूच्या काट्यांत!"

पुन्हा हशा झाला. पण या वेळी लुंबिनीलाही थोडं हसू आलं.

तेवढ्यात स्टेजवर आवाज आला. टक्. टक्. टक्. पप्पा चपला काढून वर चढले होते, हातात घरून आणलेला ड्यूटीचा हातोडा. वाकून, डोकं एका बाजूला कलतं करून, ते फळीफळीवर ठोका मारत चालले होते, रोज रुळावर चालतात तसे. एका ठिकाणी आवाज बदलला. पप्पा थांबले. खिळा वर आला होता, तो दोन घावांत बसवला. पुढं गेले. एक फळी हलत होती, तिच्याखाली पाचर मारली. मंडप ते ठोके ऐकत होता. शेवटच्या फळीवर टक् झालं आणि पप्पा म्हणाले, "सगळ्या घट्ट हायेत, मॅडम. आता एकबी न्हाई हलणार."

"फळी नाही हलणार हो, पण पाय तर सरकायला पाहिजे ना," मॅडम म्हणाल्या.

"सरकंल की," मागून आवाज आला.

आबा होते. विहाराच्या बाजूच्या खोलीतून येत होते. त्यांच्या एका हातात सुताराकडचा पॉलिशचा कागद आणि दुसऱ्या हातात कॅरमच्या पावडरची पुडी.

ते वर चढले. धोतर सावरून गुडघ्यांवर बसले. मधली चार फळ्यांची जागा आधी कागदानं घासली, बोटानं चाचपून कुसळं काढली. मग पुडीतून चिमूट-चिमूट पावडर टाकली आणि तळहातानं गोल गोल घोळवत फळीत जिरवली. कॅरमच्या बोर्डावर करतात अगदी तसं. लुंबिनी बघत होती. मूर्तीपुढं गुडघ्यांवर बसलेले आबा तिनं रोज बघितले होते. पण आज त्यांची पाठ मूर्तीकडं होती आणि तोंड तिच्याकडं.

"कमी पडली तर सोंगटी अडती," ते तिच्याकडं न बघता म्हणाले. "जास्ती झाली तर पळून जाती. अंदाज लागतो. चढ वर. पाय ठेवून बघ."

लुंबिनीनं उजवा चवडा ठेवला. हलकेच वळवला. पाय फिरला, आणि जिथं थांबवला तिथं थांबला.

मॅडमनीही आपलं पाऊल घासून बघितलं. एकदा, दोनदा. मग त्या आबांकडं बघून म्हणाल्या, "बारा वर्षं शिकले मी. हे कुणी सांगितलं नव्हतं."

"तुमी कॅरम खेळला न्हाई, म्हणून," आबा म्हणाले.

*

स्पीकरवर गाणं सुरू झालं. लुंबिनीनं मागं हात केला, पायरीपाशी येऊन उभ्या राहिलेल्या नागुबाईनं तिच्या हातात वाटी दिली. आणि लुंबिनी दचकली. वाटी जड होती. सरावाला कायम रिकामी वाटी असायची. आज ती काठापर्यंत खिरीनं भरलेली होती, वर वेलदोड्याची पूड.

"आज्जी, रिकामी पाहिजे होती!"

"रिकामी? बुद्धाच्या पुढं रिकामं भांडं न्यायचं? येडी का काय!"

आता वेळ नव्हता. लुंबिनीनं वाटी दोन्ही हातांनी छातीशी धरली, टाचा उचलल्या आणि निघाली.

पहिल्या पावलांना मागून कुणीतरी "बगळी!" म्हणालंच. दुसऱ्या कुणीतरी त्याला गप्प केलं. आणि मग कुणाला गप्प करायची गरज उरली नाही. कारण उघडे पाय जोड्यातल्या पायांपेक्षा जास्त सांगतात. सगळ्यांना दिसत होतं, सगळी मुलगी पाच-पाच बोटांवर उभी आहे. शिरा ताणलेल्या दिसत होत्या, अंगठ्यांची नखं पांढरी पडलेली दिसत होती. आणि वर चेहरा असा, की जसं काही वजनच नाही. पुढच्या रांगेतल्या बायका पुढं सरकल्या. तो चेहरा त्यांच्या ओळखीचा होता.

ती मधल्या चार फळ्यांवर आली. झाडाखालच्या माणसाला तिनं बघितलं. तो जिवंत होता.

एक. मच्छरदाणीचे सहा थर उघडले. मंडपातले दिवे, पांढरे कपडे, वर आलेला चंद्र, सगळं एका रेघेत फिरलं. दोन. वाटी छातीशी होती, खीर घट्ट होती, काठाला लागून परत आत गेली. तीन. तिसरी गिरकी फिरता फिरता तिला आबा दिसले. पायरीजवळ उभे, दोन्ही हात पावडरीनं पांढरे, आणि तोंड उघडं. हातात पेपर नव्हता. असता तरी तो धरायला त्यांना हात आठवले नसते.

पाय थांबला. जिथं थांबवायचा होता तिथं.

खिरीचा एकच थेंब तिच्या मनगटावर सांडला होता. तिनं पुढं जाऊन वाटी मूर्तीपुढं ठेवली, टाचा टेकवल्या, हात जोडले. पलीकडं फलाटावर कुठल्यातरी गाडीची घोषणा चालली होती.

मग मंडप उठला. टाळ्या नव्हेच त्या, पत्र्यावर गारा पडाव्यात तसं झालं. मम्मी रडत होती आणि टाळ्याही वाजवत होती. उज्वला मॅडम शिट्टी वाजवतात हे लुंबिनीला त्या दिवशी कळलं. ज्यानं बगळी म्हटलं होतं तोच सगळ्यात मोठ्यानं ओरडत होता.

नागुबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ए व्यंकटराव, माझ्या म्होरं ही बाई आडवी आली व्हती. मला काय दिसलं न्हाई नीट. पुन्यांदा लाव!"

"पुन्हा! पुन्हा!" सगळे ओरडायला लागले.

भाषणाचे पाहुणे कागद हातात घेऊन अर्धवट उठले होते. ते आबांकडं बघायला लागले. यादी आबांच्या खिशात होती. तीन मिनिटं संपली होती, आणि आबांनी यादीबाहेर काही केल्याचं वस्तीत कुणाला आठवत नव्हतं.

आबांनी पाहुण्यांना हात जोडले. "बसा, साहेब. पाच मिन्टं."

मग ते लुंबिनीकडं वळले. आता ते तिच्या पायांकडं बघत नव्हते.

"दमलीस का?"

"न्हाई, आबा."

"मग जा. वाटी उचलून पुन्हा तिकडून ये," आबा म्हणाले, आणि धोतर सावरून पुन्हा गुडघ्यांवर बसले. पुडीत अजून अर्धी पावडर होती.